पडलेले पान, आठवलेला नियम

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. हा सण पितरांचा आहे, माहेरवाशिणींचा आहे, कडुनिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यांचा आहे आणि पत्त्यांचाही आहे. सकाळी घागर भरून पितरांना नैवेद्य दाखवून होतो, दुपारी आमरसाची पंगत उठते आणि जळगाव-धुळे जिल्ह्यांतल्या गावागावांत ओट्यावर, पारावर, खळ्यात सतरंज्या पडतात. वर्षभर पत्त्यांना हात न लावणारी माणसेही त्या दिवशी डावाला बसतात. सुरतेला, पुण्याला कामाला गेलेली मुले आलेली असतात, एखाद्या घरी जावई मुक्कामाला असतो. एका कोपऱ्यात मेंढीकोट रंगतो, दुसऱ्या कोपऱ्यात रमी किंवा तीन पत्ती, आणि कॉलेजातली पोरे माडीवर पोकर मांडून बसलेली असतात. याच आखाजीला सालदाराचे जुने साल संपून नवे ठरते. वर्षाची मजुरी, धान्य, कपडालत्ता, सगळे बहुधा तोंडीच, पण नीट बोलून घेतलेले असते. ज्या दिवशी माणसे वर्षभराचा शब्द आधी पक्का करून घेतात, त्याच दिवशी पत्ते मात्र काहीही न ठरवता वाटायला घेतात.

भांडण तिथून सुरू होते.

घरच्या पत्त्यांत होणारी भांडणे लबाडीमुळे होतात असा समज आहे. तो फारसा खरा नाही. सराईत लबाड माणूस घरच्या सतरंजीवर क्वचितच असतो, आणि असला तर सगळ्यांना ठाऊक असतो. बहुतेक वेळा वाद पेटतो तो कुणी न सांगितलेल्या नियमावरून किंवा कुणाच्या तरी साध्या चुकीवरून. एकाचे पान वाटताना उघडे पडते, दुसऱ्याला चौदा पाने येतात, तिसरा ‘शो’ म्हणून पाने टाकतो आणि त्यात सिक्वेन्सच नसते. अशा वेळी काय करायचे, हे ठरवणारा पंच घरात नसतो. जो असतो तो स्वतःही त्याच डावात गुंतलेला असतो.

समजा, धुळ्यातल्या एखाद्या घरी सहा जण तीन पत्ती खेळत आहेत. चौघे पॅक झाले. उरलेले दोघे चालीवर चाल लावत गेले, मधला ढीग वाढत गेला आणि शेवटी शो झाला. एकाने एक्का, राजा, राणी टाकली. दुसऱ्याने एक्का, दुरी, तिरी. दोघांचेही हात एकाच वेळी ढिगाकडे गेले. कारण एकाच्या घरी एक्का-राजा-राणी ही सर्वांत मोठी सिक्वेन्स मानतात आणि एक्का-दुरी-तिरी तिच्या खालोखाल. दुसऱ्याच्या घरी एक्का-दुरी-तिरीच सर्वांच्या वर. दोघेही प्रामाणिक आहेत. दोघेही लहानपणापासून तसेच खेळत आले आहेत.

इथे थोडे गणित कामाचे आहे. बावन्न पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात बनतात. त्यांत एक्का-दुरी-तिरीचे हात ६४ आणि एक्का-राजा-राणीचेही ६४. हे दोन हात एकाच डावात समोरासमोर येणे अगदीच दुर्मीळ, म्हणून खेळ सुरू होताना त्याबद्दल बोलायचे कुणाच्या मनातही येत नाही. पण ते येतात तेव्हा दोन्ही खेळाडू आपण जिंकलोच अशा खात्रीने चाल वाढवतात आणि त्या रात्रीचा सर्वांत मोठा ढीग त्याच डावात जमतो. क्वचित लागणारा नियम नेमका मोठ्या डावात लागतो, आणि त्या क्षणी तो सांगणारा प्रत्येक जण आपल्या फायद्याचे सांगतोय असेच दिसते. तो खरे बोलत असला तरी.

मग निवाडा काय? यजमान म्हणतो, ‘आमच्याकडे असंच चालतं.’ घराचा नियम चालावा हे तत्त्व म्हणून चुकीचे नाही. ज्याची सतरंजी, त्याचा रिवाज, हे जगभर मानतात. पण साक्रीहून धुळ्याला आलेल्या जावयाला सासरचा रिवाज कळणार कसा? जो नियम डावाआधी तोंडातून निघाला नाही, तो पाहुण्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. अशा वेळी ढीग निम्मा-निम्मा वाटून टाकावा आणि पुढच्या डावापासून कोणती सिक्वेन्स मोठी ते सगळ्यांसमोर ठरवावे, एवढाच न्याय्य मार्ग उरतो. यजमानाला तो जड जातो. पण पाहुण्याने त्याच्या घरी येऊन, त्याच्या नियमाने, न सांगता हरावे, हे त्याहून जड आहे.

या भांडणाला वरचे कोर्टही नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो आणि पैजेत जिंकलेली रक्कम मिळवण्यासाठी दावा लावता येत नाही. दुसरीकडे १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने लागू आहे. जुगाराचा अड्डा चालवणे कलम ४ खाली येते, तिथे सापडणे कलम ५ खाली, आणि सार्वजनिक जागी जुगार खेळण्यासाठी कलम १२ आहे. पारावर पैसे लावून बसलेल्यांना आखाजीचे निमित्त सांगून या कलमातून सुटता येत नाही. डावामागे नाल काढणारा, म्हणजे प्रत्येक ढिगातून आपला हिस्सा बाजूला ठेवणारा घरमालक हा तर कायद्याच्या नजरेत यजमान राहतच नाही. जागा आणि पत्ते पुरवून तो नफा कमावतो, आणि अड्ड्याच्या व्याख्येत हाच नफा महत्त्वाचा आहे. सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले, आणि तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा असल्याचे म्हटले. पोकरबाबत एकमत नाही. पश्चिम बंगालच्या १९५७च्या कायद्यात ब्रिज, रमी यांच्याबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळले आहे, तर खानदेशाला लागून असलेल्या गुजरातेत उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकरला जुगारच ठरवले.

या सगळ्यातून घरच्या खेळाडूने घ्यायचे ते इतकेच की पैसे बाजूला ठेवलेले बरे. चिंचोके, काडेपेटीतल्या काड्या, मक्याचे दाणे यांवर खेळलेला डावही तितकाच चुरशीचा होतो. आणि वाद तितकाच पेटतो, हेही खरे. चिंचोक्यांवरून वर्ष-वर्ष अबोला धरलेले चुलतभाऊ खानदेशात शोधावे लागत नाहीत. म्हणजे प्रश्न पैशांचा नव्हताच. आपल्याला वेगळा नियम लावला गेला, ही भावना खरी टोचते.

ती कशी तयार होते, ते मेंढीकोटात जवळून दिसते. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकाला तेरा पाने. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. त्या गोळा करायच्या; चारही मिळवल्या की समोरच्या जोडीवर कोट चढतो. कट हुकमाच्या प्रकारात सुरुवातीला हुकूम ठरलेला नसतो. ज्या खेळाडूकडे उतारीच्या रंगाचे पान नसते, तो पहिल्यांदा दुसऱ्या रंगाचे जे पान टाकतो, तोच रंग उरलेल्या डावाचा हुकूम होतो. आता जळगावकडच्या एखाद्या ओट्यावरचे दृश्य घ्या. ऊन उतरायला आले आहे, लाइट गेली आहे. किलवरची उतारी झाली. सत्तरीतल्या नानांनी बदामाची सत्ती टाकली. बदाम हुकूम झाला. पुढचे चार हात त्या हुकमावर खेळले गेले, त्यात समोरच्या जोडीची एक दश्शी कापली गेली. आणि पाचव्या हाताला नानांच्या हातातून किलवरची नव्वी खाली आली.

भाच्याचे लक्ष गेले. ‘नाना, तुमच्याकडे किलवर होतं ना?’

नानांनी पान उचलून डोळ्यांजवळ नेले. ‘इस्पिकात मिसळलं होतं रे.’

‘जाऊ दे ना,’ कुणीतरी म्हणाले. ‘नानांना संध्याकाळचं दिसत नाही आता. खेळा पुढे.’

डाव तसाच पुढे गेला. तासाभराने हीच चूक भाच्याकडून झाली, तेव्हा त्याच ओट्यावर एकच गलका झाला, मामांनी अहिराणीत सुनावले, ‘पान पडनं ते पडनं, भो,’ आणि कोट चढवला गेला. भाचा काही बोलला नाही. पुढच्या डावाला मात्र तो बसला नाही.

नानांची चूक खरीच चूक होती. अंधुक उजेडात किलवर आणि इस्पिक सहज मिसळतात. पण कट हुकमात या चुकीने डावाचा पायाच बदलतो. एखादा हात इकडचा तिकडे करून ती भरून निघत नाही, कारण हुकूमच खोटा ठरलेला असतो. तिथे पाने गोळा करून पुन्हा वाटणे हाच उपाय होता, आणि तो नानांवर ठपका न ठेवता सहज करता आला असता. ‘जाऊ दे’ म्हणण्यात नानांचा मान राखला गेला असे सगळ्यांना वाटले. खरे तर त्यात दोघांचा अपमान झाला. भाच्याला कळले की नियम वयाप्रमाणे बदलतो. नानांना कळले की आपल्याला आता कुणी खेळाडू धरत नाही.

वडीलधाऱ्यांचा मान हा खानदेशी घराचा कणा आहे, आणि तो असावाच. पण सतरंजीवर बसलेला माणूस तेवढ्या वेळेपुरता खेळाडू असतो. त्याला खेळाडूचा मान द्यायचा तर त्याची चूकही खेळाडूचीच धरायला हवी. हे ज्या घरात जमते तिथे आजोबा आणि नातू वर्षानुवर्षे एकत्र खेळतात. जिथे जमत नाही तिथे पोरे हळूहळू माडीवर जातात आणि ओट्यावर फक्त म्हातारे उरतात.

महाभारताच्या सभापर्वातले द्यूत आपण अधर्माची गोष्ट म्हणून वाचतो. पट कसा चालवू नये, याचाही इतका तपशीलवार दाखला दुसरा नाही. फासे दुर्योधनासाठी शकुनी टाकणार, हे कळताच युधिष्ठिराने हरकत घेतली होती. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणे त्याला रीतीला सोडून वाटले. हरकत रास्त होती. तिचा निवाडा कुणीच केला नाही आणि तो स्वतःही ती सोडून देऊन खेळायला बसला. पुढे द्रौपदीने सभेला जो प्रश्न विचारला, तो मुळात नियमाचा प्रश्न होता: जो आधी स्वतःलाच हरला, त्याला पुढचा पण लावता येतो का? भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून उत्तर टाळले. सरळ उत्तर दिले ते विकर्णाने. धृतराष्ट्राच्या या मुलाने द्रौपदी जिंकली गेलेली नाही असे सांगितले आणि कारणेही दिली. कर्णाने त्याला गप्प केले, आणि त्यातले एक कारण असे की तो वयाने लहान आहे. शेवटी धृतराष्ट्राने सगळे परत दिले, म्हणजे डाव रद्द केला. पण चुकले काय ते कुणी बोललेच नाही, म्हणून थोड्याच वेळात पुन्हा तोच पट मांडला गेला.

त्या सभेत नियम जाणणाऱ्यांची कमतरता नव्हती. ज्यांच्याकडे निवाड्याचा अधिकार होता ते गुंतलेले किंवा गप्प होते, आणि जो न गुंतता बोलला त्याला अधिकार नव्हता. घरच्या डावातही हेच घडते, फक्त लहान प्रमाणावर. म्हणून निवाडा कुणी करायचा हे आधी ठरवावे, आणि तो त्या डावात ज्याचे काही लागलेले नाही त्याच्याकडे जावा. तीन पत्तीत आणि पोकरमध्ये हे सोपे आहे, कारण पॅक झालेले असतातच. मेंढीकोटात चौघेही गुंतलेले असतात, तेव्हा बाजूला बसलेल्याने सांगावे. तो बारा वर्षांचा असला तरी चालेल. नियम एकदा सर्वांसमोर बोलले गेले असतील तर ते लावायला वय लागत नाही.

बाजूला बसलेल्यांचा एक दोषही आहे. डावाच्या मागे उभे राहून ‘अरे टाक ना एक्का!’ म्हणणारे काका प्रत्येक ओट्यावर असतात. पोकरच्या नियमांत एका हातामागे एकच खेळाडू असावा असे सांगितलेले आहे. युधिष्ठिराची हरकत याच जातीची होती. बघणाऱ्याने एका खेळाडूची पाने पाहिली असतील, तर त्या डावात त्याला सल्ला देता येणार नाही आणि निवाडाही करता येणार नाही. काकांना हे एकदा प्रेमाने सांगावे लागते, पण सांगावे.

आता प्रत्यक्ष चुकीकडे. चुकीला किती दंड असावा, यावर पत्त्यांच्या खेळांनीच फार शहाणी उत्तरे शोधून ठेवली आहेत. रमीत चुकीचा शो केला तर पूर्ण ८० गुण चढतात. पोकरमध्ये मात्र एखाद्याने ‘स्ट्रेट’ असे ओरडून पाने टाकली आणि ती स्ट्रेट नसून फ्लश निघाली, तर फ्लशचे जे काही असेल ते त्याला मिळतेच. तिथे खेळाडूच्या तोंडापेक्षा उघडी पाने खरी. वरवर पाहता एक खेळ कठोर आणि दुसरा उदार वाटतो. कारण वेगळे आहे. रमीत शो झाला की बाकीचे आपापली पाने खाली टाकतात. कुणाकडे कोणता जोकर, कोण कशासाठी थांबले होते, सगळे उघड होते. तो डाव आता मागे नेता येत नाही. पोकरमध्ये चुकीच्या बोलण्याने काहीच बिघडलेले नसते, पाने समोर आहेत, सगळे वाचू शकतात. म्हणजे दंड चुकीच्या लाजेवर नाही, तर डाव पूर्ववत करता येतो की नाही यावर ठरतो.

हे सूत्र घरी वापरून पाहावे. वाटताना एक पान उघडे पडले आणि अजून कुणी आपली पाने उचललेली नाहीत? पुन्हा पिसा, पुन्हा वाटा, वाटणाऱ्याला एक शब्दही नको. एकाला चौदा पाने आली हे तीन हात झाल्यावर कळले? आता मागे जाता येत नाही; तो डाव कुणाचाच न धरता पुढचा सुरू करावा. रमीत शो झाला की इतरांनी पाने खाली टाकण्याआधी शो करणाऱ्याची पाने तपासायची, एवढी सवय लावली तर ८० गुणांवरची अर्धी भांडणे होणारच नाहीत, कारण चूक सापडेपर्यंत दुसरे काही उघडे पडलेलेच नसते. ब्रिजच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत सुरुवातीलाच स्पष्ट केले आहे की नियम मुख्यतः शिक्षेसाठी नाहीत, ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळावी म्हणून आहेत. रंगाचे पान असताना दुसरे टाकले तर ब्रिजमध्ये एक किंवा दोन हात समोरच्या जोडीला जातात, आणि तेवढ्याने नुकसान भरून येत नसेल तर पंच अधिक देऊ शकतो. आपल्याकडे त्याच चुकीला अख्खा कोट चढवतात, किंवा नाना असतील तर काहीच करत नाहीत. दोन्ही टोके नुकसान मोजायचे विसरतात.

काही चुका मात्र भरून देता येत नाहीत, देऊही नयेत. २००९च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत फिल आयव्हीसारख्या खेळाडूच्या हाती फ्लश होता आणि तो त्याला स्वतःलाच दिसला नाही. त्याने पाने न दाखवता टाकून दिली. ढीग समोरच्याला गेला. पाने उघडी केली असती तर ती बोलली असती. टाकलेली पाने कुणाच्याच कामाची नसतात. घरी असे झाले की ढिगातून पाने पुन्हा काढून ‘बघा, माझ्याकडे होतं’ म्हणणारे असतात, आणि दया येऊन त्यांना देणारेही. ते देऊ नये. टाकलेल्या पानांत हात घालायची मुभा एकदा मिळाली, की पुढे कुणाचे पान कोणते याला पुरावा राहत नाही.

याच्या उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. जुलै २०११. ट्रेंट ब्रिज, भारत-इंग्लंड कसोटी. चहापानाआधीचा शेवटचा चेंडू सीमेपार गेला असे समजून इयान बेल क्रीज सोडून निघाला. चेंडू सीमेपार गेला नव्हता. बेल्स उडवल्या गेल्या, १३७ धावांवर बेल धावबाद ठरला, आणि नियमाप्रमाणे तो बादच होता. चहापानाच्या वेळात इंग्लंडचा कर्णधार आणि प्रशिक्षक भारतीय संघाकडे आले, आणि महेंद्रसिंग धोनीने अपील मागे घेतले. बेल पुन्हा खेळायला आला, १५९ वर बाद झाला. भारत तो सामना मोठ्या फरकाने हरला. धोनीने तेव्हा नियम मोडला नाही. अपील मागे घेण्याची सोय नियमातच आहे. घरच्या पटावरही ज्याचे नुकसान झाले, त्याला दंड माफ करण्याचा हक्क असावा. फक्त त्यालाच. ‘जाऊ दे’ हे शब्द ज्याची दश्शी कापली गेली त्याने म्हणावेत, कडेला बसलेल्याने त्याच्या वतीने म्हणू नयेत.

पोकरच्या स्पर्धा चालवणाऱ्यांनी २००१ साली टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन स्थापन केली. त्यांच्या नियमावलीतला पहिलाच नियम सांगतो की खेळाचे हित आणि न्याय्यता सर्वांत वर, आणि विरळ प्रसंगी नियमाच्या अक्षरापेक्षा तारतम्य वापरावे. त्याआधी अडीचशेहून अधिक वर्षे, १७४२ साली, एडमंड हॉयल या इंग्रजाने व्हिस्ट या खेळावर छोटी पुस्तिका काढली आणि पुढे कितीतरी पिढ्या पत्त्यांच्या वादात त्याच्या नावाचा हवाला देत राहिल्या. मेंढीकोटाला हॉयल मिळाला नाही. तो खेळ तोंडी चालत आला, म्हणून प्रत्येक घरात थोडा वेगळा आहे, आणि त्या वेगळेपणात त्याची गंमतही आहे. सगळ्या खानदेशाने एकच पुस्तक वापरावे असा आग्रह धरायचे कारण नाही. पाच मिनिटे बोलून घेतले की पुरते: हुकूम बंद (म्हणजे आधीच झाकून ठेवलेला) की कट, कोणती सिक्वेन्स मोठी, वाटप चुकले तर काय, उधार चाल चालेल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नेहमी नाही असेच असावे.

लबाडीचा संशय हा वेगळा विषय आहे आणि त्याची सुरुवात अनेकदा पिसण्यातून होते. मेंढीकोटात हात उचलताना एकाच रंगाची पाने एकत्र जमतात. ती दोन-तीनदा वरवर पिसून वाटली की रंग गठ्ठ्यांनी पडतो, एकाला सात बदाम येतात आणि ‘लावून वाटले’ अशी कुजबुज सुरू होते. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिले की दोन गठ्ठे करून पाने एकमेकांत गुंफण्याच्या पद्धतीने बावन्न पाने नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावे लागते. आपल्याकडे हातावर वर-खाली करत पिसतात, त्याला याहून कितीतरी जास्त वेळा लागतात. म्हणजे संशय घेण्याआधी पिसणे सुधारावे. एकाने पिसावे, दुसऱ्याने काटावे, तिसऱ्याने वाटावे. हात सतरंजीच्या वर दिसावेत. यात कुणावर आरोप होत नाही आणि प्रामाणिक माणसाची अब्रू आपोआप सांभाळली जाते. त्यानंतरही कुणाच्या चुका होत राहिल्या तर एकच गोष्ट पाहावी: त्या कोणत्या बाजूला झुकतात? खरी चूक कधी फायद्याची होते, कधी तोट्याची. ज्याची प्रत्येक चूक त्याच्याच फायद्याची निघते, त्याला पुढच्या आखाजीला बोलावू नये. चारचौघांत तमाशा करायचीही गरज नाही.

हे सगळे आज मुद्दाम बोलायला हवे, कारण एक आख्खी पिढी पत्ते मोबाइलवर शिकली आहे. ॲपमध्ये चूक करताच येत नाही. किलवर हातात असेल तर बदाम दाबला जातच नाही, वाटप चुकत नाही, बेरीज यंत्र करते. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैशांवरचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले आणि मोठ्या कंपन्यांनी आपले पैशांचे डाव थांबवले. ज्या घरांनी त्यात कर्ज पाहिले त्यांना हा कायदा आधीच यायला हवा होता असे वाटले असेल, आणि ते रास्त आहे. पण त्या पोरांना ओट्यावर बसवायचे तर लक्षात ठेवायला हवे की त्यांना नियम चोख येतात, फक्त चूक झाल्यावर काय करायचे हे त्यांनी कधी पाहिलेलेच नाही. समोरच्याची चूक दिसली की त्यांना ती लबाडी वाटते, आणि स्वतःची चूक झाली की तोंड लपवावेसे वाटते. जुन्या लोकांकडे याच्या उलट आहे. चुका पचवायची त्यांना सवय आहे, नियम बोलून दाखवायची नाही.

वाद उकरून काढायची मुदतही ठरलेली असावी. स्पर्धेतल्या पोकरमध्ये पुढच्या डावासाठी पिसणे सुरू झाले की मागच्या डावावर हरकत घेता येत नाही. घरीही तेच बरे. नाहीतर रात्री जेवताना दुपारचा डाव पुन्हा मांडला जातो. रमीची वही मात्र याला अपवाद. लिहिलेला आकडा किंवा बेरीज चुकली असेल तर उठेपर्यंत केव्हाही दुरुस्त करता यावी, कारण तिथे पानांचा नाही, फक्त लिहिण्याचा प्रश्न असतो. वही एकाने लिहावी आणि बेरीज दुसऱ्याने तपासावी. तपासणारा शक्यतो घरातला सर्वांत लहान खेळाडू असावा. ‘आबा, इथे सत्तावीस नाहीत, सदतीस होतात’ असे म्हणण्याचा अधिकार त्या वहीने त्याला दिलेला असतो, आणि आबांनीही ते ऐकून आकडा खोडायचा असतो.